परदेशातून गोव्यातलं कविता-प्रदर्शन: छापील कविता भिंतीपर्यंत धड कशा पोचवाव्यात

मस्कतमधली नोकरी सांभाळून मी गोव्यात कवितांची तीन प्रदर्शनं केली. पहिल्या वेळी उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी भाचीने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन एका फलकासमोर धरला. कागद उत्तम, शाई गडद, आणि तिसऱ्या ओळीत ‘वाऱ्यावर’ऐवजी ‘वार्यावर’. अठरा फलकांपैकी अकरांत हीच चूक होती. रात्रीतून पुन्हा छापून घेणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी कवयित्री त्या ओळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यानंतर कुवेत, दोहा, लंडनहून काही मित्रांनी आपापल्या प्रदर्शनांच्या फाइली मला दाखवल्या. चुका जवळपास सारख्याच निघाल्या, आणि त्यांचं मूळही एकच: कामाचा क्रम उलटा. बहुतेकजण आधी सुंदर डिझाइन करतात, मग भिंत बघतात आणि मजकूर शेवटी तपासतात. हवा तो क्रम असा: माणसं, मजकूर, भिंत, आकार, अक्षरजुळणी, नमुना, छपाई, टांगणं. एक टप्पा पक्का होईपर्यंत पुढच्याला हात लावायचा नाही.

१. गोव्यातली दोन माणसं आणि कॅलेंडर

दूर राहून प्रदर्शन करायचं तर गोव्यात तुमचे डोळे हवेत आणि तुमचे हातही हवेत. डोळे म्हणजे मराठी नीट वाचणारी, ऱ्हस्व-दीर्घ खटकणारी व्यक्ती. हात म्हणजे टेप धरणारा, ड्रिल चालवणारा, छापखान्यात जाऊन उभा राहणारा माणूस. हे दोन्ही एकाच माणसावर टाकू नका. खिळे ठोकून दमलेल्याला अनुस्वार दिसत नाही.

तारीख ठरवताना पाऊस आणि सण दोन्ही बघा. जून ते सप्टेंबर मोठ्या कागदाचं काम गोव्यात घेऊच नये, आणि ऑक्टोबरातही जुन्या भिंतींची ओल गेलेली नसते. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या, आठवड्यात छापखान्यात कुणी सापडत नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा चित्रपट महोत्सव, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरला मुक्तिदिन, मग नाताळ. या काळात दालनं आधीच घेतलेली असतात आणि छापखाने फ्लेक्समध्ये बुडालेले असतात. कार्निव्हल आणि शिगमोच्या आधीही तेच. जानेवारीचा दुसरा पंधरवडा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. हवा कोरडी असते आणि सुटीवर घरी आलेली माणसंही परतलेली नसतात.

फोनची वेळही आधीच ठरवून ठेवा. मस्कत आणि दुबई भारताच्या दीड तास मागे, कुवेत आणि दोहा अडीच तास. गोव्यातली बरीच दुकानं दुपारी एक ते तीन बंद असतात, म्हणजे मस्कतच्या साडेअकरा ते दीडमध्ये फोन करून उपयोग नाही. मस्कत, कुवेत, दोहात शुक्रवार-शनिवारची सुटी असते ही मोठी सोय आहे, कारण त्या दोन्ही दिवशी गोव्यात काम चालू असतं. दुबईत सुटी शनिवार-रविवार, तेव्हा तिथल्यांनी शनिवार राखून ठेवावा.

उद्घाटनापासून मागे दहा आठवडे मोजा. मजकुराला तीन, अक्षरजुळणीला दोन, नमुन्यांना दोन, छपाई आणि चढवण्याला दोन, आणि एक आठवडा पूर्ण मोकळा. मोकळा आठवडा कशात खर्च होईल हे आधी कळत नाही, पण तो खर्च होतोच.

२. मजकूर गोठवा

प्रत्येक कवितेची एकच अधिकृत प्रत ठरवा. कवीने हाताने लिहिलेली असो, छापील पानाचा फोटो असो की ईमेलमधली फाइल, जी ठरेल ती ‘मूळ प्रत’. तिच्यावर कवीची संमती लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचा एक निरोपही चालतो. त्यानंतर कवीला शब्द बदलावासा वाटला तर मूळ प्रतच बदलायची आणि तारीख घालायची. डिझाइनच्या फाइलमध्ये परस्पर शब्द बदलला की दोन प्रती तयार होतात आणि हमखास चुकीची छापली जाते.

आता ‘वार्यावर’ कुठून आलं ते सांगतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ टंकायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. मजकूर एका ॲपमधून दुसऱ्यात चिकटवताना हे न दिसणारं चिन्ह काही वेळा गळून पडतं, आणि उरलेल्या ‘र्’चा सरळ रफार होतो. म्हणून ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ आणि ‘तऱ्हा’चं ‘तर्हा’. पडद्यावर मजकूर लहान असताना नजर त्यावरून घसरते, तीन फुटांच्या फलकावर मात्र तीच चूक लांबूनही दिसते. उपाय सोपा आहे: मूळ प्रतीत असे सगळे शब्द शोधा आणि ‘ऱ’ वापरून पुन्हा टंका.

कविता श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनावर विसंबू नका. रूपांतरित मजकुरात ऱ्य, रफारावरचे अनुस्वार आणि अवतरणचिन्हं बिघडलेली सापडतात. पंचवीस ओळींची कविता नव्याने टंकायला वीस मिनिटं लागतात. तेवढी द्या.

मुद्रितशोधन फोनवर, दोघांनी मिळून करा. एकाने टंकलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. वाचणाऱ्याने चिन्हंही बोलायची: ‘स्वल्पविराम’, ‘ओळ संपली’, ‘एक ओळ रिकामी’, ‘दुसरी वेलांटी’. त्यानंतर तीच कविता शेवटच्या ओळीपासून वर वाचा. अर्थाचा ओघ तुटला की डोळा अक्षराकडे बघायला लागतो.

*थांबा:* कवीने मुद्दाम ठेवलेली बोलीतली रूपं ‘दुरुस्त’ करू नका. पेडण्याच्या किंवा सत्तरीच्या बोलीतला शब्द प्रमाणलेखनाच्या नियमात बसवला तर ओळीचा आवाज जातो. शंका असेल तिथे कवीला विचारा. ते हयात नसतील तर मूळ प्रतीत आहे तसंच ठेवा.

३. परवानगी

दुसऱ्याची कविता लावायची असेल तर हे काम इथेच उरका. भारतात लेखनाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. गोव्यात बा. भ. बोरकरांची कविता लावावी असं अनेकांना वाटतं. त्यांचं निधन १९८४ सालचं, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत हक्कधारकांची परवानगी लागणारच. परवानगीच्या पत्रात ‘मोठ्या आकारात छापून प्रदर्शनात लावणे’ हे शब्द स्पष्ट असू द्या, आणि फलकांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर तेही लिहून घ्या.

४. भिंत मोजून घ्या

दालन पणजीतलं असो, मडगाव-साखळीच्या रवींद्र भवनातलं असो की फोंतेन्हासमधल्या जुन्या घरातलं, त्यांचा छापील नकाशा मिळाला तरी त्यावर थांबू नका. हाताच्या माणसाला टेप घेऊन पाठवा आणि तुम्ही व्हिडिओवर राहा. मागायची मापं अशी:

- प्रत्येक भिंतीची वापरता येणारी लांबी. दार, खिडकी, स्विचबोर्ड, एसी, अग्निशामक हे सगळं वगळून.
- जमिनीपासून छतापर्यंतची आणि टांगायची पट्टी असेल तर तिच्यापर्यंतची उंची.
- समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर. वाचणारा जास्तीत जास्त किती मागे जाऊ शकतो हे यावरून कळतं.
- दिव्यांच्या जागा, आणि खिडकीतून ऊन कुठल्या वेळी कुठे पडतं ते.

भिंत कशाची आहे हेही विचारा. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) आणि चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतींना खिळा मारायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते, आणि दुहेरी चिकटपट्टी त्यांच्यावर टिकत नाही. गिलावा भुगा होऊन पट्टीसकट सुटतो. अशा जागी वरून तारेने टांगणं किंवा स्वतंत्र स्टँड, हेच दोन पर्याय उरतात. हे आत्ता कळलं तर फलकाचं वजन त्या हिशेबाने ठरवता येतं.

*तपासा:* भिंतीला तळहात लावून थंड ओल जाणवते का, ते हाताच्या माणसाला बघायला सांगा. जाणवत असेल तर त्या भिंतीवर कागद लावू नका.

५. आकार ठरवा, पण रोल आणि शीट बघून

ए१ म्हणजे ५९४ बाय ८४१ मिमी, ए० म्हणजे ८४१ बाय ११८९ मिमी. चांगल्या कागदाचे रोल साधारणपणे २४, ३६ आणि ४४ इंची येतात. २४ इंच म्हणजे ६१० मिमी, त्यात ए१ची रुंदी बसते. तुम्ही हौसेने ६३० मिमी रुंदी ठेवलीत तर काम ३६ इंची रोलवर जातं आणि उरलेल्या कागदाचेही पैसे पडतात. दोन सेंटिमीटरसाठी हा खर्च करू नये.

सनबोर्डची, म्हणजे छाप चिकटवायच्या हलक्या फोमच्या बोर्डाची, शीट आठ बाय चार फुटांची असते. तिच्यातून ए१चे पाच फलक निघतात: चार उभे आणि उरलेल्या तुकड्यातून एक आडवा कापून. अठरा फलकांना चार शीट लागतील, आणि दोन फलक जास्तीचे निघतील. ते काढून ठेवाच.

सगळ्या कवितांना एकच आकार द्यावा का? माझं मत, रुंदी एकच ठेवा आणि उंची कवितेप्रमाणे बदलू द्या. सहा ओळींची कविता ए१वर ताणून बसवली की तिचा आवाज विनाकारण चढतो.

६. अक्षरजुळणी

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाही हवा.

फॉन्ट निवडताना त्यात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत का ते आधी बघा. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत मूळ वळण हिंदीचं असतं आणि मराठी वळण फॉन्टाच्या पोटात दडलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ केली की ते बाहेर येतं. मोफत मिळणाऱ्यांपैकी तिरो देवनागरी मराठी आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे मोठ्या आकारात शांत दिसतात. मुक्ता साधा आणि स्वच्छ आहे, नावांच्या पट्ट्यांना चांगला. जाड-बारीक रेषेत फार फरक असलेले फॉन्ट छापून आल्यावर दिव्याखाली बारीक जागी पुसट दिसतात.

डिझाइनसाठी इलस्ट्रेटर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्राधान्यांच्या (प्रेफरन्सेस) टाइप विभागात भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करा आणि परिच्छेदाच्या पॅनलमध्ये दक्षिण आशियाई कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. हे केलं नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही.

मग कवितेआधी एक कसोटीची ओळ टाका. माझी ही:

वाऱ्याच्या तऱ्हा, मूर्तींची श्रद्धा, ब्रह्म, ज्ञान, उद्ध्वस्त, शाळा, लाल, ॲप, रु आणि रू

या एका ओळीत बहुतेक सगळे घात होतात. ‘मूर्तींची’मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागी येतात, ते एकमेकांवर चढतात का बघा. ‘उद्ध्वस्त’मधला ‘द्ध्व’ नीट जुळतो का, ‘रु’ आणि ‘रू’ लांबून वेगळे ओळखू येतात का. फॉन्ट या ओळीत अडला तर तो सोडून द्या.

*थांबा:* देवनागरीला अक्षरांतर, म्हणजे ट्रॅकिंग, देऊ नका. एक टक्काही नको. अक्षरं लांब सरकली की शिरोरेषा तुटते आणि शब्दावर बारीक पांढऱ्या फटी दिसतात. दोन्ही बाजू समान करणारी जुळणीसुद्धा चोरून हेच करते. कविता नेहमी डावीकडून सोडावी.

अक्षराचा आकार पॉइंटात ठरवू नका. दोन फॉन्टांत तोच ७२ पॉइंट वेगळा दिसतो. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत पट्टीने मोजा. दोन मीटरवरून आरामात वाचता यावं तर ही उंची साधारण १५ मिमी हवी. एवढ्या अक्षरात, चारी बाजूंना सात सेंटिमीटर समास सोडून, उभ्या ए१वर शीर्षक धरून सोळा-सतरा ओळी बसतात आणि ओळीत साधारण पंचवीस ते तीस अक्षरं. कविता यापेक्षा लांब असेल तर अक्षर लहान न करता फलक उंच करा किंवा दोन फलक करा. दोन करताना कडवं मध्येच तोडायचं नाही.

ओळींमधलं अंतर अक्षराच्या पॉइंट-आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा. रोमन लिपीच्या सवयीने सव्वापट ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. अशी टक्कर सॉफ्टवेअर दाखवत नाही, ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

कवीची लांब ओळ फलकावर मावत नसेल तर ती आपसूक खाली पडू देऊ नका. उरलेला भाग पुढच्या ओळीत, स्पष्ट दिसेल इतका आत सरकवून ठेवा, म्हणजे ती नवी ओळ नाही हे वाचणाऱ्याला कळतं. कुठल्या शब्दावर मोडायची हे कवीला विचारून ठरवा. माझ्या अनुभवात कवी या प्रश्नावर अर्धा तास बोलतात, आणि तो अर्धा तास ऐकण्यासारखा असतो.

गोव्यातल्या दालनात मराठी न येणारेही येतात. त्यांच्यासाठी भाषांतर जरूर द्या, पण वेगळ्या छोट्या पट्टीवर, बाजूला. एकाच फलकावर दोन लिप्या समान आकारात आल्या की डोळा दोन्हींमध्ये ओढला जातो आणि कविता कुठल्याच भाषेत वाचली जात नाही.

७. तुमच्या घरच्या भिंतीवर एक कविता

परदेशात बसून करता येण्यासारखी सर्वात मोलाची तपासणी हीच. पीडीएफ वाचकात छपाईच्या वेळी ‘पोस्टर’ पर्याय असतो. प्रमाण १०० टक्के ठेवून एक फलक ए४च्या तुकड्यांत छापा. ए१ म्हणजे हिशेबाने आठ ए४, कडेच्या समासांमुळे काही जास्त लागतात. ते जोडून भिंतीला लावा, फलकाचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येऊ द्या, आणि दोन मीटर मागे जाऊन कविता मोठ्याने वाचा.

माझ्या मस्कतच्या खोलीत पलंग बाजूला सारून मी दर वेळी हे करतो. शीर्षक आरडाओरड करतंय, कवीचं नाव फार खाली गेलंय, तिसऱ्या आणि चौथ्या कडव्यातली जागा कमी पडतेय, हे सगळं तिथे कळतं. लॅपटॉपवर यातलं एकही दिसत नाही.

८. फाइल तयार करून पाठवणं

छापखान्यात कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असू शकते आणि तुमचा फॉन्ट तर तिथे नसतोच. फाइल उघडली की फॉन्ट उडतो आणि दुसरा बसतो. ‘फॉन्ट सोबत पाठवला आहे’ हे पुरेसं नाही, तो बसवला तरी जुनं सॉफ्टवेअर जोडाक्षरं मोडतं. म्हणून सगळ्या मजकुराचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृती करून, पीडीएफ द्या. इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’, कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’.

कर्व्ह केल्यावर फाइल पुन्हा तपासावीच लागते. ४०० टक्के मोठी करून प्रत्येक शब्दाची शिरोरेषा बघा. दोन अक्षरांच्या सांध्यावर केसाएवढी फट दिसली तर शब्दाचे आकार एकत्र जोडून घ्या. व्हेरिएबल फॉन्ट (ज्याची जाडी हवी तशी बदलता येते असा) असेल तर दोन रेषा एकमेकींवर येतात तिथे पांढरं भोक पडू शकतं, त्यालाही हाच उपाय.

- कर्व्ह केलेली आणि न केलेली, अशा दोन प्रती ठेवा. पहिलीत शब्द बदलता येत नाही.
- पान खऱ्या मापाचं, १:१. प्रत्येक बाजूला ५ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई.
- अक्षरांसाठी फक्त काळी शाई, १०० टक्के. चार रंगांचा काळा केला आणि रंग किंचित सरकले तर अक्षरांना रंगीत कड येते.
- पार्श्वचित्र असेल तर छपाईच्या मापात १५० डीपीआय, म्हणजे दर इंचाला १५० ठिपके. पूर्ण ए१साठी ते ३५०८ बाय ४९६७ पिक्सेल होतं. मजकूर त्या चित्रात मिसळू नका, वर कर्व्हमध्येच राहू द्या.
- नावात क्रमांक आणि तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशी नावं दिली की चुकीची फाइल जाते.

फाइल ड्राइव्हच्या लिंकने पाठवा, किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र आपोआप लहान होतं. आणि फोन करून इतकंच सांगा: “बाब, फाइल कर्व्हमध्ये आहे, हंड्रेड पर्सेंटला आहे, काही हलवू नका. काही अडलं तर दुरुस्त न करता मला कळवा.” हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. चांगल्या मनाने केलेल्या दुरुस्त्यांनीच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

९. एक फूट उंचीची पट्टी

अठरा फलकांची छपाई सांगण्याआधी एका फलकाची पूर्ण रुंदीची, एक फूट उंचीची पट्टी छापून घ्या. खऱ्या कागदावर, खऱ्या शाईत, कसोटीच्या ओळीसकट. तिचे पैसे वेगळे द्या आणि घासाघीस करू नका.

ही पट्टी डोळ्याच्या माणसाने दालनात न्यायची, ठरलेल्या उंचीवर धरायची आणि तीन फोटो पाठवायचे: समोरून, बाजूने दिव्याची चकाकी दिसेल असा, आणि स्टीलची पट्टी अक्षराला लावून जवळून. तिसऱ्या फोटोत १५ मिमीचं अक्षर १४ दिसलं तर कुठेतरी ‘फिट टू पेज’ होऊन फलक पानात बसवायला लहान केला गेला आहे.

*तपासा:* फोटोंवर समाधान मानू नका. पट्टीसमोर उभं राहून त्या व्यक्तीला ओळी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फोनवर ऐका. जिथे ती अडखळते तिथे अक्षरात किंवा अंतरात काहीतरी चुकलेलं असतं.

१०. छपाई आणि चढवणं

फ्लेक्स नको. स्वस्त आहे, ओल सोसतो, पण चकाकतो आणि त्याच्या विणीवर बारीक रेषा दाणेदार येतात. मॅट कागद सनबोर्डवर, किंवा मॅट व्हिनाइल (चिकट पाठीचं प्लास्टिक) सनबोर्डवर, यांतून निवडा. एसी नीट चालणारं दालन असेल तर कागदच. दारं उघडी असलेली जागा असेल तर व्हिनाइल, कारण कागद दमट हवेत फुगतो आणि कडा उचलतो. सनबोर्ड ५ मिमीचा घ्या. तीन मिमीचा ए१ फलक आठवड्यात वाकतो.

छापलेलं व्हिनाइल लगेच लॅमिनेट करू देऊ नका. शाईतला द्राव उडून जायला एक दिवस लागतो. घाईत लॅमिनेशन केलं की दोन-तीन दिवसांनी बुडबुडे येतात, आणि तोवर फलक भिंतीवर गेलेले असतात. दर ठरवतानाच ‘छपाईनंतर २४ तास सुकवणं’ हे कागदावर लिहून घ्या. लॅमिनेशन मॅटच हवं. चकचकीत असेल तर कवितेत वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो.

जास्तीच्या दोन फलकांवर सगळ्यात लांब आणि सगळ्यात गडद पार्श्वभूमीची कविता छापून ठेवा. कोपरे मोडतात ते बहुधा याच फलकांचे.

परदेशात छापून नळीतून आणावं का, असं काहीजण विचारतात. मी नको म्हणेन. तिथे अक्षर वाचणारा कुणी नसतो आणि वाटेत खराब झालेला फलक इथे तसाच छापून मिळत नाही.

११. टांगणं

फलक उद्घाटनाच्या किमान एक दिवस आधी दालनात नेऊन आडवे ठेवा, म्हणजे ते तिथल्या हवेला सरावतात. भिंतीला टेकवून उभे केले तर रात्रीत वाकतात.

आधी सगळे फलक आपापल्या भिंतीखाली जमिनीवर मांडा आणि पूर्ण ओळ व्हिडिओवर बघा. क्रम बदलायचा तो आत्ताच. मग मध्यरेषा जमिनीपासून १४५ ते १५० सेंमीवर धरून दोरा ताणा. उंच फलक असेल तर पहिली ओळ १८० सेंमीच्या वर जाऊ देऊ नका, गोव्यात कवितेला येणाऱ्यांत वयस्कर माणसं पुष्कळ असतात. दोन फलकांत निदान दोन फूट मोकळे सोडा. चित्रासमोर माणूस काही क्षण थांबतो, कवितेसमोर मिनिटभर, आणि बहुतेक वेळा सोबत कुणीतरी असतंच.

दिवे वरून तिरके, भिंतीशी साधारण ३० अंशांचा कोन करून. मग हाताच्या माणसाला वाचकासारखं उभं करून त्याची सावली ओळींवर पडते का बघा. पडत असेल तर फलक न हलवता दिवा हलवा.

रात्री एसी बंद होतो आणि पहाटेपर्यंत दालनात दमट हवा भरते. म्हणून उद्घाटनाच्या सकाळी डोळ्याच्या माणसाने पुन्हा एक फेरी मारायची. खिशात चिकटपट्टी, मऊ कापड आणि मूळ प्रतींची कागदी फाइल असावी. प्रत्येक फलकाची पहिली आणि शेवटची ओळ मूळ प्रतीशी ताडून बरोबरची खूण करायची. अठरा खुणा झाल्या की तुम्हाला फोन.

१२. प्रदर्शन उतरवल्यावर

सनबोर्डवरचे फलक छापील बाजू समोरासमोर ठेवून, मध्ये बटरपेपर घालून, आडवे बांधा. माळ्यावर किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पहिल्याच पावसात बुरशी धरते. कागदाचे सुटे छाप असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या आणा. छाप अक्षरं बाहेरच्या बाजूला राहतील असे गुंडाळून आत सरकवा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. पाइपवर मार्करने लिहा: कोणत्या कविता, कोणत्या तारखेची मूळ प्रत, आणि कर्व्ह न केलेली फाइल कुठे ठेवली आहे.